काल कुठे भीती वाटली?

जाळी उचलली आणि मशीन थांबलं नाही.

झालं ते एवढंच. पुढच्या दारात ट्रक आडवा उभा होता म्हणून ती, इथली मॅनेजर, फेरीची वेळ नसताना मागच्या दाराने कारखान्यात शिरली आणि मोठीपाशी आली. मोठी म्हणजे पुठ्ठा कापायचं मशीन. पाती बसवलेली लोखंडी पाटी वरून दाबून एका दमात दहा खोक्यांचा आकार कापणाऱ्या या मशीनला सगळा कारखाना याच नावाने ओळखायचा. मोठी रुसली, मोठी आज खुशीत आहे, अशीच भाषा. मोठी चालवणारे मामा पाण्याच्या पिंपाकडे गेले होते आणि मशीन आपल्या तालात चाललं होतं. तोंडाशी एक फाटका तुकडा लोंबत होता. तो आत गेला तर दहाच्या दहा खोकी वाया जाणार, म्हणून तिने डाव्या हाताने तोंडावरची संरक्षक जाळी वर केली आणि उजवा हात आत घातला. अकरा वर्षांची सवय. जाळी वर गेली की आतला स्विच सुटतो आणि मोठी एक सुस्कारा टाकून जागच्या जागी थांबते. आज सुस्कारा आला नाही. बोटांच्या पेरांवर गार वारा लागला, वरून येणाऱ्या पाटीने ढकललेला, आणि हात आपणहून मागे आला. तिने मागे घेतला असं म्हणता येणार नाही. त्याचा तोच आला. खरचटलंसुद्धा नव्हतं. चिमटीत तुकडा मात्र होता, अर्धाच, आणि त्याची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ कापली गेली होती.

तिने लाल बटण दाबलं. मोठी थांबली तशी सगळ्या कारखान्यात शांतता पसरली, कारण बाकीचे आवाज तिच्या आडोशानेच चालायचे. गोंदाच्या टेबलावरच्या बायकांनी माना वर केल्या. ती वाकून स्विचकडे बघत राहिली. स्विचच्या फटीत पुठ्ठ्याची एक घडी बसवलेली होती, चार पदरी, नेटकी, जाळी उचलली तरी स्विच दाबलेलाच राहावा अशी. ती ओढून काढली तेव्हा तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हे की घडीच्या कडा गुळगुळीत होत्या. हाताळून हाताळून पुठ्ठ्याला कातड्यासारखी चमक आली होती. म्हणजे ही घडी आजची नव्हती. रोज लावायची, रोज काढायची. आणि काढायची केव्हा? रोज अकराला आणि चारला तिची फेरी असायची, तेव्हा. रोज दोनदा ती याच जाळीसमोर उभी राहायची, जाळी उचलायला लावायची, मोठी शहाण्यासारखी थांबायची आणि ती वहीत बरोबरची खूण करायची. सातशे-आठशे खुणा तरी झाल्या असतील. आपल्यासाठी रोज दोन वेळा नाटक बसवलं जात होतं आणि आपण पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो, असं तिला वाटलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

मामा पाण्याचा पेला तसाच हातात घेऊन आले. तिच्या हातातली घडी त्यांनी पाहिली. पन्नाशी ओलांडलेला, पाठीत ताठ, कमी बोलणारा माणूस. ती या कारखान्यात गोंदाच्या टेबलावर मोजणीला लागली तेव्हा मामा मोठीवर होतेच.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"बाई, माल आज पाचला जायचाय."

"मी ते विचारलं नाही."

मामांनी पेला टेबलाच्या कडेला ठेवला. "झालं असेल वर्ष. वर थोडं."

"हात गेला असता माझा."

"तुम्ही कशाला घातलात पण?" मामा एकदम म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला तो रागाने नव्हे, हे तिला कळलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "मी घालतो. मला ताल माहीत आहे तिचा. तुम्ही कशाला घातलात?"

मागे भिंतीवर तिच्याच सहीचा फलक होता. जाळीशी किंवा स्विचशी छेडछाड करणाऱ्याला तत्काळ कामावरून कमी करण्यात येईल. तत्काळ या शब्दाखाली तिने स्वतः रेघ ओढून घेतली होती. बायका एकदा फलकाकडे बघत होत्या, एकदा तिच्याकडे. मामांनी अंगातला एप्रन सोडायला घेतला. गाठ सुटेना, तशी ते मान खाली घालून गाठीशी झगडत राहिले. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. पण फलक सगळ्यांना पाठ होता.

तिला आठवली ती आईची बोटं. आई काचेच्या कारखान्यात होती, बाटल्यांची तोंडं घासून गुळगुळीत करायच्या कामावर. संध्याकाळी घरी आली की खिडकीपाशी बसायची आणि दोन्ही हात पालथे-उलथे करून पुढे धरायची. मग ही पोर सुई घ्यायची. काचेचा कण दिसत नाही. हात उजेडात तिरपा धरला की क्षणभर लकाकतो, तेवढ्यात त्याची जागा लक्षात ठेवायची. दहा वर्षांची होती ती, आणि काच काढण्यात घरात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. धाकट्या भावाला जमायचं नाही, तो आईला दुखवायचा. ही एकही थेंब रक्त न काढता सात-आठ कण काढून बशीत ठेवायची आणि आई शेजारणीला सांगायची, "माझ्या पोरीचा डोळा बघा!" तिला तेव्हा जो अभिमान वाटायचा तो अजून आठवत होता, तोंडात गोडी राहावी तसा. इतक्या संध्याकाळी गेल्या, पण काच मुळात हातात शिरतेच का, हा प्रश्न घरात कुणाला पडला नाही. तिलाही पडला नाही. काम करणाऱ्याला लागायचंच, असं सगळे म्हणायचे, आणि तेही हवापाण्याबद्दल बोलावं तितक्या सहज.

"गाठ राहू द्या, मामा," ती म्हणाली. "स्टूल आणा दोन."

मालक आले ते शिडी दणाणवत. वरून त्यांना मोठीचा आवाज ऐकू येईनासा झाला की ते असेच यायचे. तिने थोडक्यात सांगितलं. मालकांनी घडी हातात घेतली, उलटसुलट केली, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुझा नियम आहे. मामाला घरी पाठव आणि मशीन चालू कर. दवाखान्याची खोकी आहेत, पाचला गाडी लागणार. बाकी उद्या बघू."

सोपं होतं ते. चार वाजायच्या आत सगळं सुरळीत झालं असतं, तिचा धाकही बसला असता, आणि फलकावरची रेघ खरी ठरली असती. एक क्षण तिला तो मोह झालाच. पण बोटांवर तो वारा अजून बसलेला होता, आणि त्याच्या गारव्यात डोकं विलक्षण चालत होतं.

"मामा गेले तर त्यांच्या जागी येणारा नवी घडी करेल," ती म्हणाली. "त्याची कदाचित इतकी नेटकी नसेल. मला एक तास द्या, साहेब."

"गाडी?"

"ग्राहकाशी मी बोलते. जेवढं होईल तेवढं आज, उरलेलं उद्या सकाळी पहिल्या गाडीने. खोकी त्यांना परवा भरायची आहेत, मला माहीत आहे."

मालकांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. टेबलावरच्या पोरीला मॅनेजर केल्याबद्दल त्यांना लोकांनी बरंच ऐकवलं होतं, आणि त्यांनी कधी ते तिच्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं. "एक तास," ते म्हणाले आणि स्वतःच तिसरं स्टूल ओढून बसले.

घडीशिवाय मोठी सुरू झाली. पाच मिनिटं झाली नसतील, एक पुठ्ठा तोंडाशी वाकडा होऊन अडकला. मामांनी जाळी उचलली, मोठी थांबली, तुकडा काढला, जाळी लावली, आणि मग हवेचा दाब पुन्हा भरायची वाट बघत सगळे उभे राहिले. तीन मिनिटं. काटा हळूहळू चढतो, त्याला घाई नसते. पुन्हा सुरू. पुन्हा अडकला. तिने मांडीवरच्या कागदावर रेघा ओढायला घेतल्या. तासाभरात अकरा रेघा झाल्या. अकरा त्रिक तेहतीस. तासातली तेहतीस मिनिटं मोठी नुसती उभी होती. आणि पाळीमागे पाच हजार पुठ्ठ्यांचा आकडा तिने लावून दिलेला. तो आणला कुठून, तेही तिला लख्ख आठवलं. मॅनेजर झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात, वरच्या काचेच्या खोलीत बसून, जुन्या वह्यांतला सगळ्यात चांगला दिवस शोधला होता. एवढं एकदा झालं तर रोज का होऊ नये, असं स्वतःशी म्हणत पेनाचं टोपण लावताना टक् असा आवाज झालेला. तो आकडा जाळी पाळून गाठणं शक्यच नव्हतं. तरीही तो वर्षभर रोज गाठला जात होता, आणि कसा, हे तिने कधी विचारलं नव्हतं. गाठला जातोय ना, झालं तर. मामांनी स्विचमध्ये घडी खोचली होती हे खरं, पण ती घडी त्या टोपणाच्या आवाजाबरोबरच घातली गेली होती. हे मनात आलं आणि आश्चर्य म्हणजे तिला खचल्यासारखं वाटलं नाही. उलट, अडलेलं कुलूप किल्ली नुसती थोडी वर उचलून फिरवल्यावर उघडावं तसं हलकं वाटलं. चूक आपली असेल तर दुरुस्तीही आपल्या हातातली.

"अडकतो का पण?" ती मोठ्याने म्हणाली. "पुठ्ठा तर तोच आहे."

"तोच कुठला?" गोंदाच्या टेबलावरून वहिनीचा आवाज आला. वहिनी, म्हणजे सगळ्या कारखान्याची वहिनी, तिच्याबरोबरच कामाला लागलेली. दोघीच असल्या की अगं-तूगं करायची आणि चारचौघांत अहो-जाहो. "पाणी प्यायलेला आहे तो, बाई. त्या भिंतीला हात लावून बघा."

सगळे थप्प्यांकडे गेले. पुठ्ठ्याच्या थप्प्या उत्तरेच्या भिंतीला टेकून रचलेल्या होत्या आणि भिंतीपलीकडे शेजारच्या कारखान्याचं कपडे धुवायचं खातं होतं. तिने भिंतीला तळवा लावला. कोमट आणि दमट, ताप उतरलेल्या माणसाच्या पाठीसारखी. खालचे पुठ्ठे कडांना फुगून किंचित वर वळले होते. डोळ्याला धड दिसणार नाही इतकेच. मोठीच्या तोंडाला मात्र तेवढं पुरे होतं.

"किती दिवस माहीत आहे तुम्हाला?"

"ते धुण्याचं सुरू झालं तेव्हापासून. आमच्याकडेही गोंद धरत नाही त्या थप्प्यांवर."

"मग सांगितलं का नाही?"

वहिनीने ओले हात एप्रनला पुसले. "विचारलं कुणी?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

त्या दुपारी सगळा कारखाना थप्प्या वाहण्यात गुंतला. मालकांनीही बाह्या सारल्या. दोन फेऱ्यांत कंबर धरून बसले आणि मग नुसत्या सूचना देऊ लागले, तशा बायका तोंड फिरवून हसल्या. कोरड्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्यांवर थप्प्या लागल्या. थप्पीच्या मधल्या, कोरड्या राहिलेल्या पुठ्ठ्यांवर मोठी चालवली तेव्हा पहिल्या तासात दोनदा अडकली. दुसऱ्या तासात एकदा. पाचला गाडी अर्ध्याहून जास्त माल घेऊन गेली. ग्राहकाला तिने आधीच फोन केला होता. तो जरा कुरकुरला आणि हो म्हणाला. गाडी गेल्यावर तिने सगळ्यांना मोठीभोवती बोलावलं. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. "पाच हजारांचा आकडा माझा होता," ती म्हणाली. "खाली येऊन न बघता लावलेला. तो आजपासून नाही. मामांनी घडी घातली, ते चुकलं, आणि त्यांना ते माहीत आहे. मी आकडा लावला, तेही चुकलं. मला ते आज कळलं. पुन्हा कुणी घडी घातली तर मात्र मी ऐकणार नाही. आणि घडी घालावीशी वाटली, तर ती का वाटली ते आधी मला येऊन सांगायचं." मग स्टुलावर चढून तिने फलक उतरवला. त्यामागे भिंतीचा रंग अजून नवा होता, चौकोनी.

संध्याकाळी घरी तिने आईला हे सगळं सांगितलं. आई आता तिच्याकडेच राहायची, खिडकीत बसून शेंगा सोलत. ऐकता ऐकता आई शेंगा सोलायची थांबली.

"आई, तुला कधी वाटलं नाही, हातमोजे मागावेत?"

"मागितले होते की," आई म्हणाली. "मिळालेही होते."

तिला हे ठाऊकच नव्हतं. "मग?"

"जाड होते गं. बाटलीचं तोंड कळायचं नाही बोटांना. शंभर व्हायच्या तिथे साठ व्हायला लागल्या. मुकादम काही बोलला नाही हो, चांगला होता. पण शेजारची माझ्यापुढे जायला लागली. मग मीच काढून ठेवले." आईने एक शेंग फोडली. "कुणी काढ म्हणालं नाही. मीच शहाणी!"

आई हसली आणि तीही हसली, पण बराच वेळ ती आईच्या बोटांकडे बघत राहिली. मोजे दिले होते. जाळीही बसवली होती. दिलं की आपलं काम संपलं असं वाटतं देणाऱ्याला; वापरणाऱ्याचं तिथून सुरू होतं. बोटांना काच कळेल असे पातळ मोजे तेव्हा कुठे मिळाले असते का, कोण जाणे. पण कुणी आईजवळ उभं राहून साठच का झाल्या हे मोजलं असतं, तर निदान शोध तरी सुरू झाला असता.

दुसऱ्या दिवसापासून तिने नवीन रीत घातली. सकाळी मोठी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं आणि तिने एकच विचारायचं: काल कुठे भीती वाटली? काय चुकलं असं विचारलं की माणसं एकमेकांकडे बघतात, हे तिला माहीत होतं. पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी भरणारा म्हणाला, मला घरीच वाटते, बायकोची, आणि सगळे फिदीफिदी हसले. तीही हसली आणि म्हणाली, त्यावर माझ्याकडे इलाज नाही, पुढे बोला. तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली की गोंदाचं भांडं उचलताना मनगट लटपटतं. भांड्याला दुपारपर्यंत दुसरा कान बसला. तो बसलेला सगळ्यांनी पाहिला आणि मग बांध फुटल्यासारखी माणसं बोलायला लागली. ढकलगाडीचं एक चाक अडतं. शिडीची तिसरी पायरी हलते. सुऱ्या उघड्या ठेवतात. कागदाच्या थप्पीआडून येणारा माणूस दिसत नाही. बहुतेक गोष्टी अर्ध्या तासाच्या, एखाद्या स्क्रूच्या, एखाद्या खिळ्याच्या होत्या. आणि दीड महिन्यात, कुणी आकडा लावलेला नसताना, पाळीमागे पाच हजार दोनशे पुठ्ठे निघू लागले. मालक खाली येऊन म्हणाले, "अगं, थांबून थांबून पुढे कसं गेलो आपण?" त्या दिवशी ती काचेच्या खोलीत बसली असताना खालून येणारा ताल तिला अंगात भिनल्यासारखा वाटला, आणि मनाशी ती म्हणाली, जमलं.

मामा या दहा मिनिटांत कधी बोलले नव्हते. हात मागे बांधून उभे राहायचे, संपलं की मोठीकडे जायचे. तिला वाटायचं, त्या दिवसाचा ओशाळेपणा असेल. एका सकाळी, सगळ्यांचं बोलून झालं आणि माणसं पांगायला लागली, तेव्हा ते म्हणाले, "माझं राहिलं."

सगळे थांबले.

"मला वाटली. काल." मामा जमिनीकडे बघत होते. "जाळी लागली का नाही, ते मी हाताने चाचपून बघितलं. दिसेना. डावा डोळा गेल्यात जमा आहे, बाई. धुरकट दिसतं. उजवाही आता तसाच चाललाय."

"कधीपासून?" त्या दिवशीचाच प्रश्न पुन्हा आपल्या तोंडून आला, हे तिला विचारल्यावर कळलं.

"दीड वर्ष."

एका डोळ्याने, घडी खोचलेल्या मशीनमध्ये, दिवसातून शंभरावर वेळा हात. आणि त्या दिवशी तासभर शेजारी स्टूल टाकून बसलेली ती रेघा ओढत होती. पुठ्ठा पाहिला, भिंत पाहिली, काटा पाहिला, फक्त माणूस पाहिला नाही. काही दिवस छातीशी धरलेलं ते 'जमलं' एकदम पोकळ वाजलं. पण ते क्षणभरच. कारण मामा बोलले होते. कुणी पकडलं नव्हतं, कुणी तपासणी केली नव्हती. मोठीवाचून ज्याला दुसरं काही नाही असा माणूस वीस जणांसमोर स्वतःहून म्हणाला होता की मला दिसत नाही. हे दीड महिन्यापूर्वी या कारखान्यात होऊ शकलं नसतं. ती हे स्वतःच्या कौतुकासाठी म्हणत नव्हती. ते नुसतं खरं होतं.

"डॉक्टरांना दाखवलं?"

"मोतीबिंदू म्हणतात. काढला की दिसेल म्हणतात. पण महिना जातो त्यात. आणि महिनाभरात मोठी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"मोठी तुमची आहे," ती म्हणाली. "तुम्ही परत आल्यावरही तुमचीच. उद्याच डॉक्टरांकडची वेळ घ्या, मी येते बरोबर. साहेबांशी मी बोलते, त्याची काळजी तुमच्या डोक्यात नको. आता प्रश्न एवढाच, तोवर चालवणार कोण?"

"मी," वहिनी म्हणाली. मग सगळे बघायला लागले तशी जरा गडबडली. "म्हणजे, मामांनी शिकवलं तर. अकरा वर्षं बघतेय तिच्याकडे."

मामांनी मान वर केली. वहिनीच्या दिशेने त्यांनी किंचित तिरपं पाहिलं, आणि आता ते तिरपेपण कशामुळे ते सगळ्यांना कळत होतं. "गोंदाचा हात आहे तुझा," ते म्हणाले. "जड पडेल."

"पडला तर सांगा की."

त्या दिवशी वहिनी मोठीपुढे उभी राहिली आणि मामा तिच्या मागे, दोन पावलं अंतर ठेवून. मालक शिडीच्या वरच्या पायरीवर थांबून बघत होते. पुठ्ठे आत जायला लागले. वहिनीचे खांदे कानापर्यंत चढले होते. मामांनी थोडा वेळ बघण्याचा प्रयत्न केला, मग तो सोडून दिला आणि सरळ डोळे मिटून घेतले. मान एका बाजूला कलली.

"खांदे खाली घे," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"बटण दाबतेस त्यावरून. हां. आता दाब थोडा कमी झालाय. ऐकलंस? ऐक. मागच्या वेळी टप् वाजलं, आता ठप् वाजतंय."

"मला तर सारखंच वाजतंय, मामा."

"सारखं नसतं कधी. ऐक."

वहिनी ऐकायला लागली. गोंदाच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. तिथेही माना कलल्या. ती स्वतः खांबाला टेकून उभी होती, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला मोठीच्या त्या एकसुरी दणक्यात दोन वेगळे आवाज ऐकू आले, मग तीन.

"आता," मामा डोळे न उघडता म्हणाले, "पुढचा पुठ्ठा वाकडा येतोय. काय करशील?"

वहिनीने त्यांना विचारलं नाही. तिने मोठी थांबवली.